वैजूताईची थाळी

माझ्या पत्रकातला पहिला शब्द तिने खोडला, तेव्हा मी तिला ओळखतही नव्हते.

रेवदंड्याला बंदराच्या कडेला मासळी सुकवायची जागा आहे. बांबूच्या वलांडीवर बोंबील लटकलेले, खाली सुकट पसरलेली. त्या जागेवर गाड्यांचा तळ करायचा घाट घातला गेला होता. शनिवार-रविवार बंगल्यांवर येणाऱ्यांच्या गाड्या उन्हात तापतात म्हणे. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या समितीने मला माणगावहून बोलावून घेतलं, कारण मला पत्रकं लिहिता येतात असा माझाही समज होता आणि त्यांचाही. मी मथळा दिला, 'शेकडो कुटुंबं देशोधडीला!' आणि गठ्ठा घेऊन बंदरावर वाटत सुटले.

एका बाईने पत्रक घेतलं आणि तिथंच उभ्याने पूर्ण वाचलं. हे आधी माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं. पत्रक लोक घेतात, घडी घालतात आणि पुढं त्यात भजी बांधतात. हिच्या गळ्यात जाळ्याच्या दोऱ्यात ओवलेला पेन्सिलचा तुकडा होता. तो हातात घेऊन तिने 'शेकडो'वर आडवी रेघ मारली.

"कशावरनं?" ती म्हणाली.

"काय कशावरून?"

"शेकडो. तू मोजलीस?"

मी तिला दहा मिनिटं सुनावलं. आकड्यांच्या खेळात अडकवणं ही कुणाची चाल असते, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि निघून गेली. तिसऱ्या दिवशी वहीतली दोन पानं आणून दिली. एकेचाळीस घरं. प्रत्येकाचं नाव, किती वर्षं त्या जागेवर सुकवतात, कुठल्या कोपऱ्यात. आम्ही ती पानं घेऊन अलिबागच्या कार्यालयात गेलो. साहेबांनी 'शेकडो' ऐकलं असतं तर हसले असते; एकेचाळीस नावं वाचताना त्यांना हसता आलं नाही. सुकवायची जागा आजही तिथंच आहे. त्या एकेचाळिसांपुढे माझी सगळी विशेषणं फुकट होती, हे मला मान्य करायला बरेच दिवस लागले.

ती वैजयंती. सगळ्यांची वैजू, माझी वैजूताई. हिराजी नाखव्याची थोरली मुलगी. नाखवा म्हणजे होडीचा मालक आणि तिचा मुख्य खलाशीही. ताईने मानसशास्त्रात एम.ए. केलं होतं, अलिबागला एका कॉलेजात तासावर शिकवायची. कायम होण्याचं गाजर दर जूनमध्ये दिसायचं आणि दर एप्रिलमध्ये गायब व्हायचं. तिला पीएच.डी. करायची होती, आणि तीही मेंदूच्या विज्ञानात. माणूस ओळखतो कसा, लक्षात कसं ठेवतो, रस्ता कसा शोधतो, आणि हे सगळं डोक्यात घडतं कसं. अशा कामाला यंत्रं लागतात, ती मोठ्या संस्थांतच असतात, आणि तिथं विद्यावेतनाच्या जागा निघतात मोजून एखाद-दुसरी. विद्यावेतनाशिवाय घर सोडणं तिला शक्य नव्हतं. शिवाय बत्तिसावं लागलं होतं. जागा मिळाली तर आत्ताच, नाहीतर जन्मभर तासावर. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून.

बंदरावर याचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावला होता. पारूबाय नावाची म्हातारी बोंबील उलटवता उलटवता ओरडायची, "काय गो डाक्टरीण, माझं हे कानामागं दुखतं ते बग की!"

"पारूबाय, मी ती डाक्टरीण नाय."

"मग कंची?"

"तुला दुखतंय हे तुला कळतं ना? ते कळतं कसं, ते शिकायचंय मला."

"दुखतंय म्हणून कळतं गो!" पारूबाय बाकीच्या बायांकडे वळायची. "येवढी शिकली, मंगळसूत्राच्या जागी पेन्सिल घातली, नि हे नाय म्हायती!"

सगळ्या हसायच्या, ताईही हसायची. आणि मग पारूबायला रिक्षात घालून अलिबागला खऱ्या डॉक्टरकडे घेऊन जायची.

जाहिराती मी वाचायचे आणि पेटायचे. दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं हवीत म्हणे! तासावर शिकवणाऱ्या बाईला स्टाफरूममध्ये खुर्ची मिळत नाही, शिफारस कोण देणार? प्रयोगशाळेत काम केल्याचा पुरावा हवा! रायगडच्या किनाऱ्यावर मेंदूची प्रयोगशाळा कुठं आहे? मी म्हटलं, यावर एक सणसणीत पत्रक काढते.

"अट वेगळी, अन्याय वेगळा," ती म्हणाली. "अन्याय झाला की तुला पहिलं सांगेन. तोवर गप बस."

प्रयोगशाळा नव्हती म्हणून तिने थाळी केली. घरातली जुनी स्टीलची थाळी. कडेला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर तीनशे साठ अंश आखलेले, मधोमध खिळा, आणि खिळ्यावर फिरणारी छत्रीची काडी. एवढंच यंत्र.

प्रश्न तिने घरातून उचलला होता. जुने नाखवे समुद्रात आपली जाळं लावायची जागा शोधतात ती जमिनीवरच्या खुणांवरून. कोर्लईच्या डोंगराचं टोक अमुक झाडावर आलं की एक रेघ. दुसऱ्या बाजूला कुठला तरी कळस नि माडाचा शेंडा एकावर एक आले की दुसरी रेघ. दोन्ही रेघा मिळतात तिथं आपली जागा. पाण्यावर खूण नाही, काही नाही. आता तरण्या पोरांकडे जीपीएस आहे. ते आकडा बघून जातात. ताईला बघायचं होतं की या दोघांच्या डोक्यात समुद्राचा नकाशा सारखाच असतो का.

मग ती एकेका नाखव्याला बंद खोलीत बसवायची, डोळ्यांवर फडकं बांधायची आणि म्हणायची, "काडी फिरवा. तुमची जागा दाखवा." शाळेच्या वर्गातून एकदा, देवळाच्या मंडपातून एकदा, बर्फाच्या फॅक्टरीच्या माडीवरून एकदा. तीन ठिकाणांहून तीन रेघा, आणि त्या नकाशावर काढायच्या.

मी तिची मदतनीस होते, म्हणजे फडकं बांधायचे. तरण्यांच्या रेघा कुठल्या कुठं जायच्या. म्हाताऱ्यांच्या मात्र तिन्ही रेघा समुद्रात एका टिंबावर येऊन भेटायच्या. एकाच्या, दुसऱ्याच्या, पाचव्याच्या, नवव्याच्या. महादूआजा ऐंशीला टेकलेले, काठीशिवाय चालता येत नव्हतं; त्यांच्या रेघा सगळ्यांत सुरेख मिळाल्या. ताई नकाशाकडे बघत बसायची आणि गळ्यातली पेन्सिल चावायची.

त्या नकाशावर तिने अर्ज लिहिला. संस्थेतल्या ज्या प्राध्यापिकेच्या हाताखाली जागा होती, त्यांना तो आवडला. त्यांनी शिफारसपत्रांची अट बाजूला ठेवली आणि मुलाखतीला बोलावलं. बंदरावर पेढे मी वाटले. ती नको म्हणत होती.

मुलाखतीला आठ दिवस होते. जाळी विणायच्या छपरीत म्हातारे बसले होते, तिचे वडीलही. ताई नकाशा घेऊन त्यांना दाखवायला गेली. ज्यांनी मदत केली त्यांना काय निघालं ते सांगायचं, हा तिचा नियम. निलेश म्हणून तिशीचा एक होडीवाला तिथं जाळं ओढत होता. त्याने नकाशात डोकं घातलं, मोबाइलवर समुद्राचा नकाशा काढून दोन्ही ताडून बघितले, आणि खो खो हसायला लागला.

"ताई, हितं कोन जालं लावंल? हितं खडक हाय! जालं फाटंल ना गो!"

"कुठं?"

"हा बग. नि हा आजाचा टिंब, हितं तर मोठ्या बोटींचा रस्ता. नि हा... हा तुझ्या बाबाचा ना? हा तर उघडा खडक. ओहोटीला वर दिसतो."

नऊच्या नऊ म्हातारे खाली माना घालून जाळी विणत होते, आणि मी शपथेवर सांगते, त्यातल्या तिघांचे खांदे हसण्याने हलत होते.

शेवटी महादूआजा म्हणाले, "पोरी, जागा कोन जमिनीवर बसून सांगतो काय? जागा पान्यावर सांगायची. ती पन पोराला."

मला तेव्हा कळलं. जागा हे घराचं गुपित. बाप ती मुलाला देतो, होडीत बसून, एकदाच. मुलगी लग्न करून दुसऱ्या बंदरावर जाणार, म्हणून तिला देत नाहीत. नऊही जणांनी तिला मदत करायला म्हणून डोळे बांधून घेतले, आणि नऊही जणांनी तिला फसवलं. सख्ख्या बापाने फसवलं. तिने तरी हे ओळखायला हवं होतं; शहरातला कुणी संशोधक असता तर चुकला असता, पण ही तर नाखव्याची मुलगी. पण तिच्यासमोर घरात कधी कुणी जागेबद्दल बोललंच नव्हतं, मग त्याबद्दल बोलत नाहीत हे तिला कळणार कुठून?

मी उसळले. "लाज नाही वाटत? मुलीचं आख्खं वर्ष बुडवलंत! मुलगी म्हणून खोटं बोललात ना? मुलगा असता तर सांगितलं असतंत ना?"

हिराजी नाखव्यांनी मान वर केली नाही. "माणगाववालीला गप कर," एवढंच म्हणाले.

मी ताईकडे बघितलं. मला वाटलं, रडेल. ती बापाच्या समोर उकिडवी बसली. डोळे मोठे झालेले, तोंड अर्धं उघडं. जत्रेत मोठा पाळणा पहिल्यांदा बघणारी पोर दिसते तशी.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "डोळे बांधले होते. तीन ठिकाणं. मध्ये आठ-आठ दिवस गेले. नि तिन्ही वेळा तोच खडक? तोच?"

"मंग? खोटं बोलायचं तर एकच बोलावं."

"कसं केलंत पण?"

नाखवे थोडे चक्रावले. पोर भांडत का नाही, हे त्यांना कळेना. "कसं म्हंजे काय... खडक म्हायती हाय ना. तितं जायचं नाय म्हणून म्हायती हाय."

तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मी तिच्या घरी ओटीवर बसून तिच्याशी भांडले. माझी बाजू मला अजूनही अगदीच चुकीची वाटत नाही. रेघा तर खऱ्या होत्या! त्या एका टिंबावर मिळत होत्या, हे खोटं नव्हतं. टिंबावर जाळं असतं की खडक, हे शहरातल्या संस्थेत कोण तपासणार? आठ दिवस गप्प राहायचं, जागा मिळवायची, मग सावकाश दुरुस्त करायचं. हक्काचं मिळवायला एवढंही करायचं नाही?

तिने अर्जाची छापील प्रत काढली, माझ्यासमोर धरली. एका ठिकाणी लिहिलं होतं की वृद्ध नाखवे आपली जागा अचूक दाखवतात. तिने पेन्सिल घेतली आणि माझ्या 'शेकडो'वर मारली होती तशीच आडवी रेघ 'अचूक'वर मारली.

"हा शब्द माझा नाही," ती म्हणाली. "रेघा जुळल्या, एवढं मी बघितलं. अचूक आहेत, हे कशावरनं?"

प्राध्यापिकेला तिने चार ओळींचं पत्र पाठवलं. माझ्या मुख्य निष्कर्षात चूक आहे. माणसांनी जागा लपवण्यासाठी मला दुसऱ्या जागा दाखवल्या, आणि ही प्रथा मला ठाऊक असायला हवी होती. खडक आणि बोटींचा रस्ता दाखवणारा नकाशा सोबत जोडला आहे. मुलाखतीला बोलवायचं की नाही, ते आपण ठरवावं. पत्रात सबब नव्हती आणि गयावयाही नव्हती. मी चार पानांची पत्रकं लिहिते. त्या चार ओळी वाचून मला माझी शरम वाटली.

मुलाखत झाली. यादीत दुसरीच मुलगी लागली.

मी त्याच दुपारी पत्रक लिहून काढलं. 'कोळ्याच्या लेकीला डावललं!' माझं आजवरचं सर्वांत धारदार पत्रक होतं ते. ती वाचत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"जिला जागा मिळाली, तिचं काम वाचलंस तू?"

"मला काय करायचंय तिचं काम?"

"मी वाचलं. चांगलं आहे." तिने कोपऱ्यातून कोपऱ्यापर्यंत एकच तिरकी रेघ मारली आणि कागद मला परत दिला. तो कागद मी अजून ठेवलाय.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, सकाळी भरतीच्या वेळी, हिराजी नाखवे दारात उभे राहिले आणि म्हणाले, "वैजू, चल." ती आंबोळी खात होती. हात धुतले आणि गेली. बाप पुढं, लेक मागं, दोघंच होडीत. बंदरावरच्या बाया वलांडीखाली वाकून बघत होत्या. बाईमाणूस जाळ्यावर जात नाही. पारूबाय तेवढी ओरडली, "हिरा, पोरीला कुठं नेतोस रे?"

"डाक्टरीकडे," नाखवे म्हणाले.

संध्याकाळी परतले. ताईचं तोंड उन्हाने काळवंडलं होतं, ओठांवर मीठ. मी विचारलं, "काय दाखवलं?"

"समुद्र," ती म्हणाली. त्यापुढे एक शब्द नाही. आजतागायत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती नव्या थाळीला लागली. ही दुसरी थाळी म्हणजे तिची खरी करामत, आणि ती समजल्यावर मी कपाळाला हात लावला होता. काडीखाली आता पत्र्याची एक फिरती चकती होती, तिच्यावर एक खूण. आधी ताईने खोलीबाहेर जायचं. नाखव्याच्या घरच्या माणसाने आपल्या जीपीएसवर बघून चकतीची खूण खऱ्या जागेकडे लावायची आणि वरून कापड घालायचं. मग डोळे बांधलेल्या नाखव्याला आत आणायचं. त्याने काडी फिरवायची. मग घरच्याच माणसाने काडी आणि चकती दोन्ही घट्ट करून आख्खी थाळी गरागरा फिरवायची आणि मग ताईच्या हातात द्यायची. आता खरी दिशा कुठली, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. खुणेत आणि काडीत अंतर किती, एवढंच दिसणार.

"जागा तुमच्याकडे ठेवा," ती छपरीत म्हाताऱ्यांना म्हणाली. "मला फक्त चूक द्या."

महादूआजांनी थाळी हातात घेऊन उलटी-सुलटी केली. स्वतःच फिरवून बघितली. मग म्हणाले, "ही पोर आपल्यापेक्षा लबाड हाय. बांध फडका."

एवढ्या दिवसांत मी तिच्यावर एकदाच बाजी मारली, तीही तेव्हाच. मी म्हटलं, "आता ते खरं बोलतायत, हे कशावरनं?" ती थबकली. मला वाटलं, चिडेल. तिने पेन्सिल घेतली, माझा प्रश्न माझ्या नावासह वहीत लिहिला, आणि त्यासाठी वेगळी तपासणी घालायला आणखी दोन महिने घालवले.

पुढच्या वर्षी त्याच प्राध्यापिकेकडे पुन्हा जागा निघाली. ताईच्या अर्जाची सुरुवातच मागच्या चुकीने होती. मुलाखत या वेळी मोबाइलवर होती, आणि बंदरावर नीट रेंज फक्त बर्फाच्या फॅक्टरीच्या माडीवर येते. खाली बर्फ फोडायचं यंत्र, त्याच्या आवाजात माणसाला माणूस ऐकू येत नाही. निलेशने यंत्र बंद करायला लावलं. होड्या बर्फासाठी खोळंबल्या होत्या. कुणीतरी कुरकुरलं, तर पारूबाय म्हणाली, "तुझे बोंबील तासाने मेले तर काय परत मरनार हायेत?"

मी जिन्यात बसले होते. वरचं सगळं ऐकू येत होतं. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकाने विचारलं की या जागा नकाशावर नेमक्या कुठं आहेत, ते तुम्ही देऊ शकाल का?

"नाही," ताई म्हणाली. "माझी पद्धतच अशी आहे की त्या मला कळू शकत नाहीत."

"एकही नाही?"

नाही म्हण, मी मनात म्हणत होते, नाही म्हण आणि मोकळी हो.

"एक माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्या वडिलांची. म्हणून त्यांची नोंद मी अभ्यासातून काढून टाकली आहे. आणि ती जागा मी सांगणार नाही."

मी कपाळ गुडघ्यावर आपटलं. गेली, या वर्षीही गेली.

तिला ती जागा मिळाली. विद्यावेतनासकट. पुढे प्राध्यापिकेने तिला सांगितलं म्हणे की तो प्रश्न त्यांनी मुद्दामच विचारायला लावला होता. हे मला ताईने सांगितलं नाही, निलेशने सांगितलं; कशावरून ते मी विचारलं नाही.

ती गेली त्या सकाळी बंदरावर रिक्षा उभी होती. अलिबागला जाऊन पुढं मुंबई, तिथून गाडी. एक बॅग, आणि मांडीवर जुन्या साडीत गुंडाळलेली थाळी. निरोपाचं भाषण मी तयार करून नेलं होतं. तिने ते बघितलं आणि गळ्यातल्या पेन्सिलीला हात घातला, तशी मी कागद खिशात कोंबला.

रिक्षा सुरू झाली तेव्हा हिराजी नाखवे छपरीतून बाहेर आले. इतका वेळ ते आले नव्हते. सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "वैजू! जागा कुठं गो आपली?"

बाया वळल्या. जाळी विणणारे थांबले. निलेशने तर मोबाइलच काढला.

रिक्षा वळणावर हळू झाली. ताईने डोळे मिटले. मग हात बाहेर काढला आणि बोट समुद्राकडे रोखलं. हात ताठ होता, जराही हलत नव्हता. रिक्षा वळत होती आणि तो हात रिक्षाबरोबर वळत नव्हता. समुद्रातल्या एकाच ठिकाणाला धरून राहिला होता. देवळाच्या भिंतीने रिक्षा झाकली, तोवर तो तसाच होता.

मी नाखव्यांजवळ गेले. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते हसत होते.

"बरोबर दाखवली ना?" मी विचारलं.

"छ्या," ते म्हणाले. "खडक दाखवला."